निकाली लढत

योगीराज हरत नाही हे एकदा पक्कं झाल्यावर लोकांनी त्याच्या जिंकण्यालाच नावं ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत समोरचा आडवा झाला, तर म्हणायचे, कुठलं तरी मरतुकडं गिऱ्हाईक धरून आणलंय. लढत शेवटपर्यंत चालली, तर ह्याच्या हातात आता जोर राहिला नाही. परदेशात जाऊन जिंकला, तर इथे आपल्या माणसांसमोर का लढत नाही. इथे लढला, तर घरच्या परीक्षकांच्या जिवावर उड्या मारतो. हसला तर माज चढलाय आणि नाही हसला तर शिष्ट आहे. त्याच्या थोरल्या बहिणीला, महानंदाला, ह्या सगळ्याचा इतका वीट आला होता की त्याच्या लढतीनंतर दोन-दोन दिवस ती फोन उघडायची नाही.

महानंदा बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. यंत्रात सापडलेली बोटं, पत्र्याने कापलेले तळवे हे तिचं रोजचं काम. रक्त थांबवायला तिचा हात चांगला, म्हणून कोच रणजीत सरांनी तिला योगीराजच्या कोपऱ्यात घेतलं होतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात फुटलेली भुवई बंद करायची, सूज दाबायची, पाणी पाजायचं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तिला तिथे फारसं काम पडलंच नव्हतं. योगीराजला मार बसत नसे. खांदा एवढासा वळवायचा, मान तसूभर मागे घ्यायची, की समोरच्याचा ठोसा हवेत जायचा आणि ह्याचा डावा हात त्याच्या नाकावर बसायचा. बघणाऱ्याला वाटावं, ह्यात काय मोठंसं.

लोकांचा राग होता तो ह्याचाच. तिकीट काढून आलेल्या माणसाला त्याचं नुसतं जिंकणं पुरत नव्हतं. त्याने थोडं सोसावं, थोडं रक्त गाळावं, एकदा तरी गुडघ्यावर यावं आणि मग जिंकावं, अशी त्यांची मागणी होती. महानंदाला हे समजत होतं आणि समजत होतं म्हणूनच जास्त चीड येत होती. तिच्या कारखान्यात एखादा माणूस वीस वर्षं बोट न कापता काम करतो तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

ह्या मंडळींत सगळ्यात मोठा आवाज वेदांतचा. हा पुण्याहून आलेला, इंदिरानगरात एका खोलीचा स्टुडिओ थाटून बॉक्सिंगचे व्हिडिओ करणारा, आणि बॉक्सिंगवर त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य मानणारी काही लाख पोरं. "योगीराज लढत नाही, तो सुटतो," हे त्याचं वाक्य. ते इतकं चाललं की आता स्टेडियममध्ये मराठी न येणारी पोरंही टाळ्यांच्या तालावर तेच म्हणत. वेदांतला बॉक्सिंग कळत नव्हतं असंही म्हणता यायचं नाही. चांगलं कळत होतं. पण चॅम्पियनची स्तुती ऐकायला फारसं कोणी येत नाही, हेही त्याला तितकंच चांगलं कळत होतं.

वेदांतचं एक वेळ सोडून देता आलं असतं. त्याला फोन बंद करून गप्प करता येत होतं. घरातल्याचं काय करायचं?

घरातले म्हणजे आप्पाजी, ह्या दोघांचे वडील. खानापूर तालुक्यातले जुने पैलवान. बेळगावच्या बाजूला जत्रेच्या मैदानात एके काळी त्यांच्या नावाने माणसं गोळा व्हायची, आणि पुढे वस्ताद म्हणून त्यांनी गावच्या तालमीत पोरांच्या दोन पिढ्या घडवल्या. बायको गेल्यावर ते बेंगळुरूला मुलांकडे आले आणि इथे त्यांचं कशातच मन रमेना. कुस्तीचा हिशेब त्यांच्या लेखी सरळ होता. समोरच्याची पाठ मातीला लागली पाहिजे. ती निकाली कुस्ती. गुणांवर जिंकणं हा शहरातल्या लोकांनी काढलेला चाळा आहे असं त्यांचं ठाम मत होतं. योगीराज जिंकून घरी आला, पाया पडला, की ते त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "निकाल लागला?" तो बहुतेक वेळा म्हणायचा, गुणांवर, आप्पा. मग ते नुसतं "हं" म्हणून टीव्हीकडे वळायचे. आशियाचा पट्टा कमरेला बांधून आला त्या दिवशीसुद्धा ते "हं"च म्हणाले. योगीराज तिशी ओलांडलेला माणूस, विमान कारखान्यातला नोकरदार, पण त्या एका "हं"ने त्याचं तोंड एवढंसं व्हायचं ते महानंदाने पाहिलं होतं.

आणि आता तर डोळ्याचं झालं होतं.

मे महिन्यात सरावात जोडीदाराच्या ग्लव्हचा अंगठा योगीराजच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळ्याच्या पडद्याला बारीक चीर पडली. डॉक्टरांनी लेझरने ती डागली, तीन महिने थांबवलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि लढायला हरकत नाही असं लिहून दिलं. सगळं रीतसर होतं. पण निघताना त्यांनी भावंडांना समोर बसवून सांगितलं, की डोळ्यासमोर ठिणग्या उडाल्या किंवा एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच क्षणी थांबायचं. त्यानंतर बसलेला एक ठोसाही डोळा घेऊन जाईल आणि मग कोणालाच काही करता येणार नाही.

ही गोष्ट बाहेर सांगण्यासारखी नव्हती. समोरच्याला कळलं असतं तर त्याने दुसरीकडे कुठे मारलंच नसतं. रणजीत सर, महानंदा आणि योगीराज, तिघांतच ती राहिली. आप्पांना तरी सांगू या, असं महानंदा दोनदा म्हणाली. योगीराजने दोन्ही वेळा तिला गप्प केलं. आप्पा म्हणतील, न लढायला निमित्त शोधलंस, असं त्याचं म्हणणं. ते तसं म्हणाले नसते असं महानंदालाही छातीठोकपणे सांगता येईना, म्हणून ती गप्प बसली.

पुढची लढत ठरली ती रोशनशी. देहरादूनचा चोवीस वर्षांचा पोरगा, उजवा हात घणासारखा, आणि आतापर्यंत एकाही माणसाला त्याने शेवटच्या फेरीपर्यंत उभं राहू दिलं नव्हतं. दहा फेऱ्या, पट्टा पणाला, जागा सर्जापूर रोडवरच्या कन्व्हेन्शन सेंटरचा मोठा हॉल. पत्रकारांच्या भेटीत वेदांतने पहिल्याच रांगेतून विचारलं, "योगी, एवढं सांग, रोशनसमोर तरी उभा राहणार का? की ह्याही वेळी ट्रॅफिक पोलीस चुकवल्यासारखा साइडने निघणार?" सगळे हसले. योगीराजही हसला. महानंदा मागे भिंतीला टेकून उभी होती. त्याचा कान लाल झालेला तिला तिथून दिसला.

ती क्लिप आप्पांनी फोनवर पाहिली आणि जेवताना जाहीर केलं, की ह्या लढतीला मी येणार. आजवर ते एकदाही आले नव्हते. योगीराजचा घास हातातच राहिला. रणजीत सरांना वाटलं, वडील आले म्हणजे पोराला बळ येईल. त्यांनी आप्पांसाठी टीमचा पास काढला आणि कोपऱ्याच्या अगदी मागची खुर्ची धरली. महानंदाला हे मुळीच पसंत नव्हतं. कारण रोशनला कसं चुकवायचं हे योगीराजला ठाऊक होतं. आप्पांना चुकवायला तो कुठून शिकणार?

रविवारी दुपारी आप्पा भगवा पटका बांधत आरशासमोर उभे राहिले तेव्हा ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. सांगावं की नको, ह्यात तिचा जीव घुटमळत होता. शेवटी एवढंच म्हणाली, की आप्पा, आज गप बसून बघायचं.

"गप बसायला मी काय कीर्तनाला निघालोय?" आप्पा म्हणाले, आणि पटक्याचा शेव खोचून चपला घालायला गेले.

लढत संध्याकाळी सुरू झाली. पहिल्या फेरीपासून योगीराजने रोशनला जे फिरवलं ते बघण्यासारखं होतं. रोशन घुसायचा, हात उचलायचा, आणि जिथे मारायचा तिथे कोणी नसायचं. वळून बघेपर्यंत नाकावर एक, कानावर एक. तिसऱ्या फेरीअखेर त्याचं नाक लाल झालं आणि चौथीत तो तोंडाने श्वास घेऊ लागला. तीनही परीक्षकांच्या मनात काय असेल ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. महानंदाने सूज दाबायची लोखंडी पट्टी बर्फात ठेवली होती. ती तिथेच होती.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. सुट-तो, सुट-तो. मागच्या बाकांवरून पुढे आल्या, मग सगळा हॉल त्यात शिरला. मध्येच कन्नडमधून कोणी तरी ओरडत होतं, होडि, होडि, म्हणजे मार, मार. कोणी बाटली फेकली. आपल्याच शहरात, आपल्याच चॅम्पियनला, तो जिंकत असताना लोक हुर्यो करत होते. महानंदाला त्या क्षणी सगळ्यांना हाकलून दार लावून घ्यावंसं वाटलं.

आप्पा पाच फेऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. सहाव्या फेरीच्या मध्यावर ते उठले. तालमीत कमावलेला आवाज, वय झालं तरी उतरला नव्हता.

"योगी, उभा राहा. निकाल लाव."

हजारभर आवाजांतून तो एक आवाज योगीराजला बरोबर ऐकू गेला. त्याचे पाय क्षणभर अडखळले ते महानंदाने पाहिलं. सातव्या फेरीत त्याने पहिल्यांदाच रोशनसमोर पाय रोवले. दोघांनी एकमेकांना दिलं. योगीराजचे चार बसले आणि रोशनचा एक, उजव्या हाताचा, डाव्या कानशिलावर. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. इतक्या वर्षांत योगीराजच्या नावाचा तसा पुकारा कधी झाला नव्हता, आणि तो झाला केव्हा, तर त्याने मार खाल्ला तेव्हा. वाईट ह्याचं वाटलं, की तो पुकारा त्याला आवडला. त्याच्या तोंडावर ते दिसलं. आठव्यात तो पुन्हा तसाच उभा राहिला आणि पुन्हा एक त्याच जागी बसला.

फेरी संपल्यावर तो स्टुलावर येऊन बसला. महानंदा त्याच्या डाव्या बाजूने ओला स्पंज घेऊन गेली. स्पंज गालाला लागेपर्यंत त्याची पापणी हलली नाही. लागला तसा तो दचकला.

ती त्याच्या कानाशी वाकली. "ठिणग्या?"

"आठव्याच्या सुरुवातीला."

"आणि पडदा?"

त्याने रोशनच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खालून अर्धा."

तिने रणजीत सरांकडे पाहिलं. लढत सोडायची तर रिंगमध्ये टाकायचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. त्यांनी ऐकलं होतं. ते हिंदीतून भराभर म्हणाले, की आठातल्या सात फेऱ्या आपल्या आहेत, आता फक्त सहा मिनिटं त्याने अंगाला हात लावू दिला नाही की झालं, आणि हात लावू न देणं तर त्याच्या डाव्या हातचा मळ आहे. समोरच्या बाजूला रिंगचे डॉक्टर खुर्चीत बसले होते. महानंदाने हात वर केला असता तर ते उठून आले असते आणि लढत तिथेच संपली असती. तिचा हात उचललाही गेला. योगीराजने ग्लव्ह घातलेल्या हाताने तो खाली दाबला.

"अक्का, मी सुटत राहतो. शप्पथ. उभा राहणार नाही."

तिने हात खाली घेतला. नर्स म्हणून हे तिने करायला नको होतं, आणि बहीण म्हणून तर मुळीच नको होतं. पण आयुष्यभर तो जे करत आला तेच त्याने सहा मिनिटं करायचं होतं, आणि त्यात त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. तिने त्याच्यावर विश्वास टाकला.

नवव्या फेरीत त्याने शब्द पाळला. एका डोळ्याने लढणाऱ्या माणसाचा तो खेळ कोणाला कळला असता तर लोकांनी उभं राहून नमस्कार केला असता. डावी बाजू दिसत नव्हती म्हणून तो सतत डावीकडे फिरत राहिला, रोशनला उजेडात ठेवत. एकही ठोसा बसला नाही. आणि हॉल असा पेटला की रेफरीला दोनदा मागे वळून पाहावं लागलं. सुट-तो, सुट-तो. कॉमेंट्रीच्या टेबलावर वेदांत दोन्ही हात पसरून काहीतरी सांगत होता. काय सांगत असेल ते महानंदाला न ऐकता पाठ होतं.

शेवटची फेरी. तीन मिनिटं. पहिलं मिनिट गेलं. ती श्वास मोजत होती. दुसरं निम्मं गेलं असेल. मागून आप्पांचा आवाज आला. ह्या वेळी तो चढलेला नव्हता, कळवळलेला होता, आणि म्हणूनच वाईट.

"पळू नको रे. आमची मान खाली जायलीय. पळू नको."

योगीराज थांबला. रिंगच्या अगदी मधोमध. दोन्ही पाय रोवले, हनुवटी खाली घेतली आणि रोशनला ग्लव्हने खूण केली, ये. छप्पर उडेल असा आवाज झाला. त्याने मारलं, रोशनने मारलं. रोशनचा उजवा हात डाव्या कानशिलाकडे आला आणि योगीराजला तो दिसलाच नाही; खांद्याला घासून गेला, नशीब. पुढचा घासून जाणार नव्हता.

महानंदाने सरांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. त्यांनी तो घट्ट धरला आणि डोळे रिंगवरून न काढता मान हलवली. डॉक्टर समोरच्या बाजूला, फेरी चालू असताना ते उठले नसते. ती मागे वळली. ज्या एका माणसाच्या शब्दावर तो थांबला होता त्याच्याच शब्दावर तो हलला असता. तिने कठड्यावरून वाकून आप्पांचा सदरा धरला.

"आप्पा, त्याला डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय. पडदा फाटलाय आतला. अजून एक बसला तर डोळा गेला. पळ म्हणून सांगा त्याला. तुमचंच ऐकतोय तो."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "कधीपासनं?"

"मे महिन्यापासनं."

ते ओरडले नाहीत. तिला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी तिचा हात सदऱ्यावरून बाजूला केला, कठडा ओलांडला आणि कोपऱ्यातल्या तीन पायऱ्यांकडे निघाले. पायऱ्यांशी त्यांनी चपला काढल्या. वर चढून कॅनव्हासला हात लावला, तो कपाळाला लावला. महानंदाच्या ध्यानात आलं की ते काय करायला निघालेत, पण तोवर ते दोरांशी पोचले होते.

गावच्या मैदानात असं असतं. पोराचा हात मोडायची वेळ आली, मान अडकली, की वस्ताद मातीत उतरतो. दोघांच्या पाठीवर हात ठेवतो आणि कुस्ती सोडवतो. त्याला कोणी अडवत नाही, कोणी जाब विचारत नाही. हरलं कोणी नाही, जिंकलं कोणी नाही. दोन्ही पोरं वस्तादाच्या पाया पडतात आणि लोक टाळ्या वाजवतात. आप्पांनी अशा कितीतरी कुस्त्या सोडवल्या होत्या. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातला माणूस फेरी चालू असताना आत शिरला तर त्याचा गडी बाद होतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येईल असं कोणाला वाटलं होतं?

दोरांतून वाकून ते आत गेले. रोशनने उचललेला उजवा हात तसाच राहिला. समोर पटकेवाला म्हातारा बघून तो पोरगा गोंधळून दोन पावलं मागे सरला. आप्पांनी एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसरा योगीराजच्या पाठीवर. रेफरीने दोन्ही हात हलवून लढत थांबवली. हॉल एकदम गप्प झाला. त्या शांततेत आप्पांनी दोघांची मनगटं धरली आणि रीतीप्रमाणे दोघांचे हात वर केले.

निवेदकाने निकाल सांगितला तेव्हा घड्याळात शेवटचं एक मिनिट आणि काही सेकंद उरले होते. रोशन नवा चॅम्पियन. योगीराजच्या नावावर पहिली हार. रोशनलाही आनंद कसा करावा ते उमजत नव्हतं. पट्टा कमरेला बांधून घेताना तो आप्पांकडेच बघत होता.

पुढचं सगळं घाईत झालं. डॉक्टरांनी टॉर्च लावून डोळा बघितला, फोन केले, आज रात्रीच शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाले. मधला भाग अजून शाबूत आहे, वेळेत पोचलात तर डोळा वाचेल. अजून एक ठोसा बसला असता तर मी हे बोललो नसतो. अँब्युलन्सच्या आत योगीराजला मान वर करून निजवलं. एका बाजूला महानंदा, पायाशी आप्पा, पुढे ड्रायव्हरशेजारी रणजीत सर. बेळ्ळंदूरला येईपर्यंत ठीक होतं. तिथे रविवारच्या गर्दीत गाडी जी अडकली ती सायरन वाजवूनही हलेना. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून कन्नडमधून विनवण्या करत होता, पुढचा गाडीवाला सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत इंचभर सरकत होता.

पुढच्या सीटवर सरांच्या फोनवर वेदांत लाइव्ह होता. तो म्हणत होता, की आज योगीराज पहिल्यांदा चॅम्पियनसारखा उभा राहिला, आज तो आपला वाटला. त्याचा गळा भरून आलेला होता, आणि खोटा नव्हता. महानंदाला तो गळा दाबावासा वाटला. दहा मिनिटांनी, गाडी तिथेच असताना, डोळ्याची बातमी फुटली. मग वेदांतच म्हणाला, डोळा खराब होता तर लपवला का? चाहत्यांना फसवलं का? आणि वडील नेमके त्याच क्षणी आत कसे आले, हे ठरवलेलं नव्हतं कशावरून? शेवटी सुटलाच ना. सरांनी फोन बंद केला.

योगीराज छताकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, "तू सांगितलंस."

"होय."

"जिंकलो होतो मी, अक्का."

"होय, जिंकला होतास."

तिने माफी मागितली नाही. मागावी असं तिला वाटलंही नाही. सांगायचं होतं तर मे महिन्यातच सांगायला हवं होतं, एवढंच वाटत होतं, आणि ते वाटणं गिळता येत नव्हतं. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेलं ते तिने बोटाने टिपलं.

दोघांचे हात वर केल्यावरही एकाचाच निकाल लागला, हे सरांनी आप्पांना मोडक्यातोडक्या मराठीत दोनदा समजावलं होतं. त्यांना पहिल्या वेळीच समजलं होतं. पटका त्यांनी सोडून मांडीवर घेतला होता. त्याची घडी ते घालत होते आणि पुन्हा मोडत होते. आता ते एकाएकी बोलू लागले, रागाने, योगीराजच्या पावलांकडे बघत.

"सहा फेऱ्या त्या पोरानं तुला शिवलं नाही. सावली धरून मारायला होता तो. असं खेळणारा गडी मी उभ्या जन्मात बघितला नाही. असं येत होतं तर तसंच खेळायचं की. चांगला सुटायला होतास." हातातली घडी त्यांनी विस्कटून टाकली. "मधे उभा कशाला राहिलास? उभा राहायला कुणी सांगितलं होतं तुला?"

महानंदाचं डोकं सणकलं. सगळं तोंडाशी आलं, सगळ्या "हं"सकट, आणि ती बोलणारच होती. योगीराजने चादरीतून हात काढून तिचं मनगट धरलं.

"कुणी नाही, आप्पा," तो म्हणाला.

आप्पांनी मान वर केली. मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग पटका तोंडाला लावला आणि दोन्ही हातांनी तो तसाच धरून बसले. पुढची गाडी थोडी हलली आणि ड्रायव्हरने सायरन पुन्हा सुरू केला.